दिवसा स्वच्छ, रात्री धूसर: सुरक्षा कॅमेऱ्याच्या लेन्सचा फोकस केव्हा आणि कसा लावावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. फाटकावर लक्ष ठेवण्यासाठी २.८ ते १२ मिमी व्हेरिफोकल, म्हणजे झूम बदलता येणारी, लेन्स असलेला २ मेगापिक्सेलचा बुलेट (नळीच्या आकाराचा) कॅमेरा बसवला आहे. फाटक कॅमेऱ्यापासून सुमारे ८ मीटरवर आहे आणि झूम जवळजवळ पूर्ण ओढलेला आहे. दिवसा चित्र स्वच्छ असते, रात्री मात्र चेहरे आणि गाड्यांचे क्रमांक पुसट होतात. दिवसा दोनदा फोकस लावून पाहिला, रात्री पुन्हा तेच झाले. पाहणीसाठी आलेल्या तंत्रज्ञाने कॅमेराच बदलण्याचा सल्ला दिला आहे.

कॅमेरा बदलण्याची घाई करू नका. फोकस तुम्ही काळजीपूर्वक लावला असेल यात मला शंका नाही. तो लावण्यासाठी निवडलेली वेळ चुकली आहे. व्हेरिफोकल लेन्सचा फोकस भर उन्हात लावणे ही या कामातली सर्वांत सामान्य चूक आहे आणि सुरुवातीच्या काळात मीही ती पुष्कळदा केली आहे, कारण शिडीवर चढण्यासाठी दिवसच सोयीचा असतो.

कारण समजून घ्यायचे तर आधी आयरिसकडे पाहावे लागेल. लेन्समधले प्रकाश आत घेणारे छिद्र लहानमोठे करणारा हा पडदा उन्हात मिटत जातो आणि अंधार पडू लागला की पूर्ण उघडतो. छिद्र जितके लहान तितका स्पष्ट दिसणारा पट्टा, म्हणजे डेप्थ ऑफ फील्ड, खोल होतो. २ मेगापिक्सेलच्या नेहमीच्या सेन्सरवर एक पिक्सेल सुमारे ३ मायक्रॉनचा असतो, आणि एका बिंदूचा ठिपका त्याहून मोठा पसरला की आपल्याला धूसरपणा जाणवू लागतो असे धरून तुमच्याच फाटकाचा हिशेब करता येतो. १२ मिमी नाभीय अंतराच्या लेन्सचा फोकस ८ मीटरवर लावला आणि छिद्र एफ/८ इतके (एफचा आकडा जितका मोठा तितके छिद्र लहान) मिटलेले असले, तर साधारण साडेतीन मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सगळे स्पष्ट दिसते. तीच लेन्स, तोच फोकस, पण छिद्र एफ/२ पर्यंत उघडलेले असेल, तर स्पष्ट पट्टा फक्त ६ ते १२ मीटरमध्ये उरतो. आता समजा, दिवसा तुम्ही लावलेला फोकस प्रत्यक्षात ८ ऐवजी २५ मीटरवर पडला होता. उन्हात फाटक तरीही स्वच्छच दिसणार, कारण मिटलेल्या आयरिसने ती चूक झाकून टाकली. रात्री आयरिस उघडला की स्पष्ट पट्टा १२ मीटरच्या पुढे सुरू होतो आणि फाटक त्याच्या बाहेर राहते. चूक दिवसाचीच होती, ती दिसली रात्री.

हाच हिशेब २.८ मिमीला केला की निराळेच चित्र दिसते. त्या टोकाला एफ/२ असतानाही फोकस सव्वा मीटरच्या आसपास लावला, तर सुमारे ६५ सेंटिमीटरपासून पुढचे सगळे स्पष्ट येते. म्हणूनच रुंद कोनाच्या स्थिर लेन्सचे कॅमेरे कारखान्यात एकदा फोकस लावून, आटे चिकटवून विकले जातात आणि बहुतेकांची कधी तक्रार येत नाही. झूम ओढलेल्या लेन्सला ती सवलत नसते.

दुसरे कारण अवरक्त प्रकाशाचे. रात्री कॅमेरा सेन्सरपुढची अवरक्त रोखणारी गाळणी बाजूला सारतो, तेव्हा बारीक टक् असा आवाज येतो, आणि स्वतःच्या आयआर, म्हणजे अवरक्त, एलईडींच्या उजेडात पाहू लागतो. हा उजेड बहुधा ८५० नॅनोमीटरचा, काही कॅमेऱ्यांत ९४० नॅनोमीटरचा असतो, तर डोळ्यांना दिसणारा प्रकाश साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरमध्ये येतो. तरंगलांबी वाढली की काचेतले अपवर्तन कमी होते, त्यामुळे अवरक्त किरण लेन्सपासून किंचित दूर, म्हणजे सेन्सरच्या मागे एकत्र येतात. आयआर करेक्टेड म्हणून विकल्या जाणाऱ्या लेन्समध्ये कमी अपकिरण करणारी काच वापरून हा फरक बराच मिटवलेला असतो. साध्या लेन्समध्ये तो तसाच राहतो.

आयआरमुळे सरकलेला फोकस ओळखण्याची एक खूण आहे. रात्रीच्या कृष्णधवल चित्रात फाटक धूसर पण त्याच्या मागची भिंत किंवा झाड अधिक रेखीव दिसत असेल, तर फोकस पलीकडे गेला आहे आणि तो जवळच्या बाजूला आणावा लागेल. मात्र एवढ्यावरून दोष आयआरचाच आहे असे ठरत नाही. वर सांगितल्याप्रमाणे दिवसाचाच फोकस लांब पडला असेल, तरी रात्री असेच दिसते. दोन्हींत फरक करण्यासाठी रात्री काही मिनिटे फाटकाजवळ भरपूर पांढरा उजेड लावा आणि कॅमेरा सेटिंगमधून रंगीत, म्हणजे डे मोडवर ठेवा. रंगीत चित्र रेखीव झाले तर दोष आयआरच्या सरकण्याचा आहे, आणि तेही धूसरच राहिले तर फोकस मुळातच चुकलेला आहे. ही चाचणी आधी केली तर पुढची बरीच शिडी वाचते.

येथे एक अडचण सांगितली पाहिजे, कारण पुष्कळ मार्गदर्शनांत ती वगळलेली असते. कमी किमतीच्या अनेक व्हेरिफोकल कॅमेऱ्यांमध्ये आयरिस हलतच नाही. छिद्र कायमचे उघडे असते आणि उन्हाचा उजेड केवळ शटरचा वेग वाढवून, म्हणजे प्रत्येक चौकटीसाठी प्रकाश घेण्याचा वेळ कमी करून, आवरला जातो. अशा कॅमेऱ्यात दिवस आणि रात्र यांची डेप्थ ऑफ फील्ड सारखीच राहते, त्यामुळे दिवसा स्वच्छ आणि रात्री धूसर असा ठळक फरक दिसत असेल, तर संशय जवळजवळ पूर्णपणे आयआरकडे जातो. बदलता येण्याजोगी लेन्स असेल, तर तिच्यातून निघून कॅमेऱ्यात खोचलेली चार पिनांची वायर हे डीसी, म्हणजे आपोआप उघडमीट करणारा, आयरिस असल्याचे चिन्ह. बंद बुलेटमध्ये सेटिंगच्या पानावर ऑटो आयरिसचा पर्याय आहे का ते पाहावे.

आता प्रत्यक्ष काम. फोकसला हात लावण्याआधी कॅमेरा किमान अर्धा तास चालू राहू द्या, आणि शक्य असेल तर आयआरसुद्धा पेटलेले असू द्या. लेन्सची नळी आणि तिच्यातली प्लास्टिकची भिंगे तापली की फोकस थोडा सरकतो. थंड कॅमेऱ्यावर लावलेला फोकस तासाभराने बिघडलेला दिसतो तो बहुतेक यामुळेच. सेटिंगमध्ये शार्पनेस मध्यावर किंवा त्याहून खाली आणा, कारण कृत्रिमपणे कडा ठळक केलेल्या चित्रात खरा फोकस कोठे आहे ते डोळ्यांना कळत नाही. स्लो शटर, म्हणजे अंधारात जास्त वेळ प्रकाश घेण्याची सोय, बंद करा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चित्र मुख्य प्रवाहावर, म्हणजे मेन स्ट्रीमवर पाहा. मोबाइलचे ॲप किंवा चार-सहा कॅमेरे एकत्र दाखवणारा पडदा बहुधा सब स्ट्रीम दाखवतो, आणि त्याचे रिझोल्यूशन इतके कमी असते की धूसर आणि रेखीव यांतला फरक त्यात उमटतच नाही. मोबाइलवर पाहून फोकस लावलेला कॅमेरा नंतर मोठ्या पडद्यावर उघडल्यावर ओशाळे व्हावे लागते, हे अनुभवाने सांगतो.

क्रम असा ठेवा: आधी कॅमेऱ्याचा कोन पक्का करा, मग झूम, आणि शेवटी फोकस. व्हेरिफोकल लेन्समध्ये झूम बदलला की फोकस सुटतो, ही त्या लेन्सची रचनाच आहे, तो बिघाड नव्हे. बाहेरून दोन छोटे स्क्रू किंवा दांडे दिसतात. त्यांपैकी डब्ल्यू आणि टी अक्षरे असलेला झूमचा, आणि एन व एफ, किंवा एन आणि आडव्या आठासारखे अनंताचे चिन्ह असलेला फोकसचा. झूम लावून झाला की त्याचा स्क्रू तेव्हाच आवळून टाका. नाहीतर फोकस फिरवताना बोट लागून झूम हलतो आणि सगळे पुन्हा करावे लागते.

लक्ष्य म्हणून ८ मीटरवर, चेहऱ्याच्या उंचीवर काहीतरी ठेवा. वर्तमानपत्र पकडून उभे राहण्याची पद्धत प्रचलित असली, तरी तिचा उपयोग नाही. १२ मिमी लेन्सने ८ मीटरवर सुमारे ३.७ मीटर रुंदी दिसते, म्हणजे १९२० पिक्सेलमधला प्रत्येक पिक्सेल जवळजवळ २ मिमी जागा व्यापतो. वर्तमानपत्राचा मजकूर फोकस कितीही अचूक असला तरी वाचता येणार नाही, आणि तुम्ही उगाच फोकस फिरवत बसाल. ज्यातल्या रेघांची जाडी ४ मिमीपासून पुढे चढत जाते असा छापलेला कागद घ्या, किंवा काळ्यापांढऱ्या पाचरींचे चक्र, ज्याला सीमेन्स तारा म्हणतात, ते मोठ्या कागदावर छापून पुठ्ठ्यावर चिकटवा. त्या चक्राच्या मध्यभागी पाचरी एकमेकींत मिसळून करडा ठिपका दिसतो. तो जितका लहान होईल तितका फोकस चांगला. डोळ्यांच्या अंदाजापेक्षा हा ठिपका विश्वासू आहे.

यानंतर आयरिस उघडण्यास भाग पाडायचे. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे संध्याकाळी, अंधार पडू लागला असताना पण चित्र अजून रंगीत असताना काम करणे. दिवसाच करायचे असेल तर लेन्ससमोर गडद न्यूट्रल डेन्सिटी फिल्टर, म्हणजे रंग न बदलता उजेड कमी करणारी काच, धरा. जुने कारागीर वेल्डिंगच्या काळ्या काचेचा तुकडा खिशात ठेवत असत, त्यानेही काम भागते, फक्त चित्र हिरवट दिसते आणि कॅमेरा डे मोडवर अडकवून ठेवावा लागतो. ऑटो आयरिस असलेल्या कॅमेऱ्यात शटर १/१००० सेकंद किंवा त्याहून वेगवान करून ठेवले, तरी उजेडाची तूट भरून काढण्यासाठी आयरिस आपोआप उघडतो. काम झाल्यावर शटर पूर्ववत करायला विसरू नका. हे विसरल्यामुळे रात्री काळे पडलेले कॅमेरे मी पाहिले आहेत, आणि त्यांतला एक माझाच होता.

फोकसचा स्क्रू अर्धवट ढिला करा, इतकाच की दांडा बोटाच्या हलक्या दाबाने सरकेल पण आपणहून घसरणार नाही. चित्र उत्तम वाटले की तेथेच थांबण्याचा मोह होतो, थांबू नका. पुढे जाऊन चित्र स्पष्टपणे बिघडू द्या, मग उलट दिशेने आणून पलीकडेही तितकेच बिघडू द्या, आणि या दोन जागांचा मध्य धरा. नेटवर्क कॅमेऱ्याचे चित्र पडद्यावर अर्ध्या ते एका सेकंदाने उशिरा येते, म्हणून प्रत्येक हालचालीनंतर क्षणभर हात थांबवला पाहिजे. नाहीतर तुम्ही नेहमी मागच्या स्थितीला दाद देत राहता. खाली पडदा पाहणारा मदतनीस असेल, तर त्याला “चांगले”, “वाईट” असे म्हणू देऊ नका, तर करडा ठिपका वाढला की कमी झाला एवढेच सांगायला लावा. बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला पाठवल्या जाणाऱ्या माहितीचे प्रमाण, बदलता ठेवलेला असेल, तर स्थिर दृश्यात चित्र जितके रेखीव तितका बिटरेट चढतो. पडद्यावर तो आकडा दिसत असेल, तर शिखर शोधायला चांगली मदत होते. काही कॅमेऱ्यांत फोकसचा निर्देशांक दाखवणारी सोयही असते.

स्क्रू आवळताना दांडा किंचित ओढला जातो. हालचाल मायक्रॉनांचीच असते, पण प्रकरणच मायक्रॉनांचे आहे: १२ मिमी लेन्समध्ये ८ मीटर आणि अनंत यांच्या प्रतिमांमधले अंतर अवघे १८ मायक्रॉन असते. म्हणून आवळताना नजर पडद्यावर ठेवा. ठिपका वाढला तर ढिला करून, आवळताना तो ज्या बाजूला सरकतो त्याच्या उलट बाजूला थोडा जास्त नेऊन पुन्हा आवळा. जोर लावण्याची गरज नाही. प्लास्टिकचे आटे एकदा झिजले की तो दांडा पुन्हा कधी स्थिर राहत नाही. झाकण लावल्यावर पुन्हा एकदा पाहा. डोम कॅमेरा असेल तर ही पायरी अनिवार्य आहे, कारण वक्र पारदर्शक घुमट हेही एक भिंगच आहे आणि ते बसवल्यावर, विशेषतः झूम ओढलेला असताना, फोकस थोडा हलतो.

आता रात्रीची फेरी. लक्ष्य त्याच जागी ठेवून, पूर्ण अंधारात, फक्त आयआर चालू असताना चित्र पाहा. ठिपका लहानच राहिला असेल तर काम संपले. वाढला असेल आणि कॅमेऱ्यात ऑटो आयरिस असेल, तर फोकस रात्रीसाठीच लावा आणि तसाच आवळून टाका. दिवसा आयरिस मिटल्यावर तो फरक स्पष्ट पट्ट्यात सामावला जातो. ढगाळ संध्याकाळी रंगीत चित्र किंचित मऊ दिसेल, तेवढे मान्य करावे. आयरिस स्थिर असेल तर मात्र तडजोड करावी लागते, आणि ती अर्धी-अर्धी वाटून घेण्यापेक्षा मी रात्रीला झुकते माप देतो, कारण दिवसा रंग, कपडे, चालण्याची ढब अशा इतर खुणा हाताशी असतात आणि रात्री चेहऱ्याखेरीज फारसे काही उरत नाही. याला अपवाद म्हणजे जेथे रात्री फाटकावर पुरेसा पांढरा दिवा लावता येतो ती जागा. तेथे दिवा लावून कॅमेरा रात्रीही रंगीतच ठेवावा, म्हणजे आयआरचा प्रश्नच निकालात निघतो.

मोटराइज्ड लेन्समध्ये हे काम मोटर करते, पण ती शहाणी असते असे समजू नका. ऑटो फोकसचे बटण दुपारी दाबले तर तिचीही फसगत तुमच्यासारखीच होते, आणि अंधारात दाबले तर समोरच्या पावसाच्या धारांवर किंवा कोळ्याच्या जाळ्यावर ती खुशाल फोकस लावते. संध्याकाळी लक्ष्य ठेवून बटण दाबा आणि मग एकेका पायरीने हाताने दोन्ही बाजूंना तपासा. दिवस-रात्र बदलताना आपोआप फोकस लावण्याचा पर्याय असेल आणि लेन्समध्ये आयआरचा फरक असेल, तर तो चालू ठेवावा. फरक नसेल तर बंदच बरा.

फोकस लावण्याआधी एवढी खात्री करून घ्या की रात्रीचा धूसरपणा फोकसचाच आहे. उभी गाडी रेखीव आणि चालती गाडी फरफटलेली दिसत असेल, तर ते शटरचे काम आहे. चालत्या माणसामागे सावलीसारखा माग राहत असेल, तर नॉइज रिडक्शन, म्हणजे चित्रातले दाणे पुसण्याची सोय, फार वाढवलेले आहे. सगळ्या चित्रावर दुधट पडदा असेल, तर काचेवरची धूळ, कोळीष्टके, आत जमलेले दव किंवा काचेवरून आत परतणारा आयआर यांपैकी काहीतरी आहे, आणि नव्या कॅमेऱ्यात कित्येकदा न काढलेली संरक्षक फिल्मच निघते. नंबरप्लेट पांढराशुभ्र चौकोन होऊन अक्षरे नाहीशी होत असतील, तर तिचा परावर्तक पृष्ठभाग आयआरने उजळून जातो आहे. तेथे आयआरची तीव्रता कमी करून किंवा शटरचा वेग वाढवून पाहा, फोकसने फरक पडणार नाही.

झूमबद्दलही एक गोष्ट तपासा. अनोळखी माणसाची ओळख पटण्यासाठी व्हिडिओ देखरेखीच्या आयईसी ६२६७६-४ या मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत दर मीटरला २५० पिक्सेलची पातळी धरली होती. तुमची लेन्स १२ मिमीवर ८ मीटरला ५०० हून अधिक पिक्सेल देते, तेथे अडचण नाही. पण कोणी अंगणही दिसावे म्हणून ती २.८ मिमीकडे नेली, तर तोच आकडा १२० च्या आसपास येतो, आणि मग चेहरा पुसट दिसतो तो पिक्सेल कमी पडल्यामुळे. त्याला फोकसवर उपाय नाही.

तुमच्या तंत्रज्ञाचा सल्ला बरोबर ठरेल अशा तीनच परिस्थिती मला दिसतात. एक, चित्राची एक बाजू रेखीव असताना दुसरी धूसर राहते आणि फोकस फिरवला की ती अदलाबदल होते; म्हणजे लेन्स किंवा सेन्सर तिरपा बसला आहे. दोन, अवरक्त गाळणीची यंत्रणा अडकते. मग दिवसाचे चित्र जांभळट दिसते किंवा रात्री अर्ध्या चौकटीवर सावली पडते. तीन, स्क्रू घट्ट असूनही आठवड्याभरात फोकस पुन्हा सुटतो, म्हणजे आटे झिजले आहेत. यांपैकी काही दिसले तर हमीची मुदत पाहा. नाहीतर एखाद्या संध्याकाळी पुठ्ठा घेऊन फाटकाशी उभे राहा.